माझा लेक बेकार झाला

मंगळवार, ता. १४

माझ्या चिमणे,

आजीचा तुझ्या गालावरून हात. मी मजेत आहे, गुडघे आपल्या जागी कुरकुरतात. अक्षर कोंबडी नाचल्यासारखं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे. न्हाणीत घसरले.

पेपरात तुमच्या ऑफिसचा आकडा आला. राज्यातली बेकारी घटली म्हणे. तो तुकडा कापून आरशाला चिकटवला. आरसा फुटलाय, पण वरचा कोपरा शाबूत आहे. शेजारीण म्हणाली, "तुमच्या नातीने घटवली का?" म्हटलं, "घटवली नाही गं, मोजली. मोजायलाही डोकं लागतं."

तू फोनवर ते तीन डब्यांचं सांगितलंस, ते मला आता पक्कं कळलंय. एका डब्यात काम करणारे, दुसऱ्यात काम शोधणारे, तिसऱ्यात ना करणारे ना शोधणारे. बेकार म्हणजे फक्त दुसरा डबा. तिसऱ्यातला माणूस दिवसभर आढ्याकडे बघत पडला तरी तुमच्या लेखी तो बेकार नाही. चौथीतून काढलेली बाई मी, पण बघ.

तुझा बाप दोन वर्षं दुसऱ्या डब्यात होता. मग टायरच्या कारखान्यात बारा माणसं घ्यायची ठरली आणि गेटवर चारशे आले. मुकादमाने गेट अर्धंच उघडलं. आत घुसायला माणसांनी माणसं तुडवली. कोपऱ्यावरच्या वेल्डरचा डोळा गेला. तुझ्या बापाचे पुढचे दोन दात पडले, ते त्याने खिशात घालून घरी आणले. कशाला, ते त्यालाच ठाऊक. त्यानंतर गल्लीतले नऊ जण गेटकडे फिरकलेच नाहीत. नऊच्या नऊ तिसऱ्या डब्यात. म्हणजे तुझा आकडा घटला त्यात आमचाही हातभार आहे बरं का.

तर गेल्या महिन्यात तुमची पाहणीवाली आली. तुझ्याच वयाची, काटकुळी. विचारते, "मुलाने गेल्या आठवड्यात काम शोधलं का?" मी झाकून न्यायला हवं होतं. पण म्हटलं, नातीच्या तक्त्यात खोटं नको. "नाही शोधलं," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"दात पडल्यापासून."

तुझा बाप आतून आला. "मला आळशी लिहितेस?" पोरीला म्हणाला आणि स्टूल उचललं. पोरीच्या डोक्यावर घालणार, तेवढ्यात मी हात मध्ये घातला. तर ते न्हाणीचं तसं आहे. आता लिहून गेले, राहू दे. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. आरसाही त्यातच गेला. त्याने स्टूल पुन्हा उगारलं, तेव्हा मी डाव्या हाताने तवा घेतला आणि त्याच्या टाळक्यात हाणला. पाच टाके. डॉक्टर म्हणाले, "आजी, डाव्या हाताने एवढं?" म्हटलं, "सवय नाही, नाहीतर सात पडले असते."

पोर भिंतीला चिकटली होती, तरी म्हणते, "आजी, त्यांचं वय राहिलं सांगायचं."

त्याचं अंथरूण मी त्याच दिवशी बाहेर टाकलं. तो आता वेल्डरच्या शेडमध्ये झोपतो.

आता गोड बातमी. वेल्डर सांगत होता, गेले आठ दिवस तो रोज गेटवर जातो. बरगडीत कोपर खातो, परत येतो, सकाळी पुन्हा जातो. माझा लेक बेकार झाला गं. शेजारणीला आनंदाने सांगितलं, तर तिने माझं कपाळ तापलंय का बघितलं.

रविवारी दारात आला. "आई, उघड. दोन महिन्यांनी ती पाहणीवाली परत येणार. घरात नसलो तर मला मोजणार कसे?" खरंच आहे, घरात राहील तोच माणूस लिहितात, पोरीनेच सांगितलं होतं. माझा हात कडीवर गेलाही होता. फटीतून प्लास्टर दाखवलं. म्हटलं, "हे बघ आधी."

तो म्हणाला, "न्हाणीत घसरलीस ना."

मी गल्लीभर सांगितलं होतं ते, त्याच्यासाठी. त्याने ते माझ्याच तोंडावर टाकलं. मी कडीवरचा हात काढून घेतला.

तेव्हा पोर परत येऊन विचारेल, घरात माणसं किती, तर मी एक सांगणार. तुझ्या बेकारांत एक कमी भरला तर बेरीज चुकली म्हणून रडू नकोस. तो आहे, शोधतोय. कडी मी लावलीय.

तुझी,
डावखुरी झालेली आजी