धरा, गाडी आली

याडी, माही माय,
तू गेली तिथं पत्र पोचत नाही, तरी लिहून राह्यली.

काल दिग्रसले आम्हा आशाताईंचं ट्रेनिंग होतं, कोरोनासारखी साथ पुन्हा आली तं काय करायचं याचं. पेशंट मलेच बनवलं, सतरंजीवर निजवलं. सर म्हणे, "अँब्युलन्सले फोन लावला धरा. गाडी तांड्यावर आली धरा. ऑक्सिजन आहे धरा."

मी निजल्या निजल्या इचारलं, "सर, गाडी नाहीच आली तं?"

"ताई, ते आजच्या ट्रेनिंगमधी नाही."

कोरोनात तुह्या वेळी मी असाच फोन लावून रस्त्याकडं पाहत बसलती. तुहा हात थंडा पडला, गाडी काही आली नाही.

शेवटी सर म्हणे, "पेशंट वाचला धरा." साऱ्याईनं टाळ्या वाजवल्या.

मले उठताच नाही आलं.

तुही पोरगी,
बबिता