सॅकवर मामांचा शेरा

शिरूर, १० जून २००२

ती. भिमाजीमामांस, मोनिकाचा शि. सा. न. वि. वि.

सोबत मी शिवलेली एक सॅक पाठवते आहे. दिसायला मिलिटरीवाल्यांची, अंगभर कप्पे नि पट्ट्या. पण घडी घातली की स्वतःच्याच खिशात मावते, भाकरीएवढी होते. पुण्याच्या एका गिर्यारोहण मंडळाला अशा वीस हव्यात. मात्र आधी कुणीतरी महिनाभर रानात वापरून कशी टिकते ते लिहून द्यावं, असं ते म्हणतात. मेंढरांमागे तुमच्याइतकं कोण चालतं?

सासर सोडून आल्याला तीन वर्षं झाली. दादा-वहिनी काही बोलत नाहीत, पण हे काम जमलं तर मी वेगळी खोली घेईन. तेव्हा लाड न करता वापरा, ओढा, आपटा. खोट दिसली तर तीच आधी लिहा.

मामींना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

आपली,
मोनिका

भांडगाव, ता. दौंड, १८ जुलै २००२

चि. मोनिकास अ. उ. आ.

सॅक महिनाभर पाठीवरून उतरली नाही. आजारी कोकरू घालून दोन कोस चाललो, पट्टा तसूभर हलला नाही. पावसानं गाठलं तरी आतली भाकरी कोरडी. तुझ्या मामीपेक्षा सॅक बरी, कितीही लादा, कुरकुर नाही! शेजारचा म्हाळू विचारत होता, भाचीनं शिवली व्हय. मी म्हणालो, आमच्या पोरीच्या हाताला तोड न्हाई. बिनघोर शीव.

मामाची आठवण ठेवत जा.

तुझा,
भिमाजीमामा

शिरूर, २ सप्टेंबर २००२

ती. मामांस नमस्कार.

तुमचं पत्र मी जसंच्या तसं उतरवून मंडळाला दिलं, खाली माझी सही केली आणि वीस सॅक शिवून दिल्या. परवा गडाच्या चढावर तीन सॅकचे पट्टे खांद्यापाशी उसवले. एक मुलगी तोल जाऊन पडली, तिचा हात मोडला. सगळ्या सॅक परत आल्या. मंडळाच्या बाई चिडल्याही नाहीत. वापरून पाहिली असती तर आठवड्यात कळलं असतं, एवढंच म्हणाल्या.

काल मामी बाजाराला आल्या होत्या, त्यांनी तुमची सॅक आणून दिली. मी घातलेली घडीसुद्धा मोडलेली नाही. मामी कौतुकानं सांगत होत्या, पोरीनं येवढ्या मायेनं शिवली, चिखलात कशी न्यायची म्हनून त्यांनी पेटीत ठिवली, आल्यागेल्याला दावत्यात. त्यांना वाटलं, मी खूश होईन.

मामा, तुम्ही मला फसवलंत. परक्यानं फसवलं असतं तर दारात जाऊन भांडले असते. तुमच्याशी कसं भांडू?

एकच विचारते. मला निमोण्याला देताना आईला तुम्हीच लिहिलं होतंत, घर पाहून आलो, मुलगा निर्व्यसनी आहे. ते घर तरी पाहिलं होतंत का?

मोनिका

भांडगाव, ११ सप्टेंबर २००२

चि. मोनिकास आशीर्वाद.

निमोण्याला गेलो नव्हतो. पाव्हणे शिरूरच्या बाजारात भेटले, चहा पाजला, गोड बोलले. ताई पत्राची वाट बघत होती. तिला बरं वाटावं म्हणून लिहिलं. तुलाही तसंच लिहीत गेलो. चुकलो, पोरी.

हे पत्र ताईला दाखवू नकोस. तिला अजून वाटतं, मी जाऊन आलो होतो.

तुझा मामा,
भिमाजी