इन्शिराहचे रोजे

रमजान २

खाण्याचीच लाज वाटायला लावलेल्या गरोदर बाईला ‘नीट खा’ हे कसं सांगायचं? मला माहीत नाही. आहारशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे, घरातली पहिली. तरी नाही माहीत!

माझ्या बहिणीला, इन्शिराहला, सहावा महिना लागलाय. काल तिला तपासायला घेऊन गेले. काट्याकडे बघून डॉक्टर मोठ्याने म्हणाले, “तोंडाला कुलूप लावा आता, मॅडम.” दार उघडं होतं. बाहेर बसलेल्या बायका हसल्या. माझी बहीणही हसली — तेच मला सहन होत नाहीये. काय खायचं, किती चालायचं, एक अक्षर नाही. नुसतं कुलूप!

घरी तिच्या सासूबाई, नबविया खाला, वेगळंच. बदकाचा तुकडा, वर तुपातला भात. “दोन जिवांचं खा गं!” बाळ ओंजळीत मावेल एवढं, आणि त्याला पुरुषाएवढं ताट!

रमजान ४

तिला कालव्याकाठी फिरायला नेलं. बोलता बोलता धाप लागणार नाही इतकंच चालायचं, असं ठरलंय. रोज बाकल्याची उसळ म्हणजे आमचं ‘फूल’, अंडं, दही, भाजी पोटभर, गोड कुनाफा चवीपुरता. वजन उतरवायचं नाही, भराभर वाढू द्यायचं नाही, बस.

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “अगं, वाटेतच बाळंत होशील!”

“झालेच तर तुझ्याच दारात येईन, खाला! खाटही तुझी, सूपही तुझं!” — इन्शिराह.

मी मात्र रात्रीपर्यंत धुमसतेय.

रमजान ७

आज फिरायला नाही म्हणाली. थकवा म्हणे.

रमजान ९

ती रोजे ठेवतेय! गरोदर बाईला सूट असताना. इफ्तारला शेजारणी तिचे हात हातात घेत होत्या. नबविया खाला तर फुलून गेल्या होत्या — “माझी सून! सूट आहे तरी पाण्याचा थेंब नाही!” मी म्हटलं, हे बरं नव्हे. तर सगळ्या माझ्यावरच तुटून पडल्या. “चार पुस्तकं वाचलीस म्हणून देवाच्या मध्ये येतेस?” श्रद्धेपुढे काय बोलणार?

रमजान ११

श्रद्धा नाही ती!

दुपारी स्वयंपाकघरात गेले, तर मोरीचा कठडा धरून उभी. ओठ पांढरे. पाणी पुढे केलं, तर मान फिरवली.

“देवासाठी नाही गं. गुरुवारी पुन्हा त्या डॉक्टरकडे जायचंय, काटा खाली दिसला पाहिजे. पुन्हा सगळ्यांसमोर बोलला तर मी मरेन.”

“मग खालांना सांग ना!”

“आणि हे जे कौतुक चाललंय? जाड म्हणून कधी कुणी माझे हात धरले होते? तुला आईची शपथ, कुणाला सांगायचं नाही.”

घेतली शपथ. काय करणार! पण मी जळतेय. देवाने सूट दिली, त्या माणसाने दिली नाही! त्याचं एक वाक्य — आणि माझी बहीण पोटातल्या जिवासकट उपाशी. त्याच्या तर लक्षातही नसेल.

रमजान १२

जिन्यात खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. तशीच आरोग्य केंद्रात नेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं, मगच बोलल्या. बाळ ठीक आहे. “रोजे बंद. आता वजन उतरवायची वेळ नाही. नीट खा, बरं वाटलं की हळूहळू चालायला लाग.” इन्शिराहने मान डोलावली. वाटेत मला म्हणाली, “गुरुवारपर्यंत फक्त.”

फक्त!

रमजान १३

सकाळी नबविया खालांना सगळं सांगितलं. आईची शपथ मोडून.

त्या बराच वेळ भाजी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि मी गल्लीभर मिरवत होते गं.” भर दुपारी त्यांनी टेबल ओढून बाल्कनीत नेलं, सगळ्यांना दिसेल असं, आणि सुनेला समोर बसवलं.

इन्शिराह माझ्याशी बोलत नाहीये. जेवली मात्र.