पोपटाचा दुसरा पल्ला

प्रिय आत्या,

उद्या सकाळी सुतार येऊन राह्यला, तुह्या बोथ गावच्या घराच्या दारासाठी. त्याच्या आधी तुले एक गोष्ट सांगायलाच पाह्यजे, म्हणून लिहाले बसलो. शुद्धलेखन तपासू नको हं! मले इंग्लिश मीडियममधी टाक म्हणणारी तूच होती.

आठवते का आपला रविवार? लोकं सिनेमाले जायचे, आपण इचोड्याले, तोडलेल्या घरांचं सामान पाहाले! रोड रुंद झाला तवापासून शब्बीरभाईचा अड्डा गच्च भरला होता. सागवानी दारं, खिडक्यांचे गज, पितळी कड्या, रंगीत काचा. भिंतीले टेकवलेल्या प्रत्येक दारावर तू टकटक करायची. "कोनी हाये का घरात?" मी हसून हसून खाली बसायचो. मंग मलेही तीच सवय लागली.

तिथंच तुले तो पल्ला भेटला. दोन पल्ल्यांच्या दाराचा एकच! त्याच्यावर कोरलेला पोपट, तोंड उजवीकडं.

"टीचरम्मा, एक पल्ले का क्या करोगे? दूसरा कब का बिक गया," शब्बीरभाई म्हणाले.

"भेटंल जोडी. हा पोपट कोनाले तरी पाहून राह्यला ना?"

घरी बाबा किती चिडले! "ताई, अर्धं दार कोनी आणते का? ते बी दुसऱ्याच्या घरचं!"

"मी बी एकटीच आहो रे. मंग मले बी टाकून देशीन का?"

मंग तुह्या घराले इकडं सागवान आन् तिकडं टिनाचा पत्रा, असंच दार लागलं. हवा सुटली का पत्रा वाजे, सागवान ऐकत राहे. तू देवाघरी जाईस्तोवर तसंच होतं.

आता आमी सगळे तुह्या घरात राहाले येऊन राह्यलो. बाबांनी प्लायवूडचं नवं दार आणूनही ठेवलं. "आता तरी घराले धड दार लावू दे," म्हणे. मी हट्ट केला. शेवटी एक रविवार भेटला. "जोडी भेटली तं ठीक, नाईतर हेच लावाचं."

गेलो. सगळ्या दारांवर टकटक केली. नाईच भेटला. शब्बीरभाई म्हणाले, "टीचरम्मा के बिना अड्डा सूना लगता." समोरच्या राजन्नाच्या ढाब्यावर आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसलो. खिशातून रुमाल काढला तं चावी खाली पडली. उचलाले वाकलो.

आत्या! टेबलाच्या पोटाले उलटा पोपट! तोंड डावीकडं!

ज्याच्यावर कोपर टेकून तू म्हणायची, "भेटंल रे एक दिवस," तोच तो! एवढे रविवार बसली, एकदाही खाली काऊन नाई पाह्यलं? एखादा चमचा तरी पाडाचा!

राजन्ना पह्यले म्हणाला, "टेबल ले जाते तो गिऱ्हाईक क्या मेरे सिर पे बैठते?" मंग तुहं नाव सांगितलं. तसा म्हणे, "टीचरम्मा का है? ले जाओ. बदल में दूसरा टेबल ला दो."

नेऊन दिलं! बाबांचं प्लायवूडचं दार आता इचोड्याच्या ढाब्यावर चहा पाजून राह्यलं. बाबा ओरडतीन वाटलं होतं. त्यांनी दोन्ही पल्ले अंगणात शेजारी लावले, पोपटाच्या चोचीवरून बोट फिरवलं आन् एवढंच म्हणाले, "ताई कवा हरली आमच्याशी?"

तू थोडी थांबली असती तं काय बिघडलं असतं गं?

सुतार म्हणते, आतली बाजू घासून नव्यासारखी करतो. मी नाई म्हटलं. तिथं चहाच्या गिलासांचे गोल गोल डाग आहेत. त्यातले आपले कोणते, कसं ओळखू? म्हणून एकही पुसू देणार नाई. आन् कुलूप उघडाच्या आधी दर वेळी टकटक करीन, विचारीन, "कोनी हाये का घरात?"

तुहा रविवारचा जोडीदार,
बंटी