कठड्याचा बंदोबस्त

३ मार्च, मंगळवार
सकाळी ऑफिसच्या इमारतीची नेहमीची फेरी. दोन नंबरची लिफ्ट अडकते. तळघरात गळती. मुख्य पायऱ्यांच्या कठड्यावर पुन्हा फळी घसरवायचे मेण घासलेले सापडले, म्हणजे स्केटबोर्डवाले काल येऊन गेले. कठड्यावर लोखंडी गोळे बसवायचे ठरवले, म्हणजे फळी घसरणारच नाही. मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून हे माझे कामच आहे. गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ याच कठड्यावरून फळी घसरवताना डोक्यावर पडून गेला, हा निव्वळ योगायोग.
बायको म्हणाली, मग भाऊजी होते तेव्हा का नाही बसवलेत? मी पाणी प्यायलो.

४ मार्च
गोळे बसवले. वेल्डर म्हणत होता, सर, मी करतो, हे माझं काम आहे. दिले नाही. ड्रिल सटकले, अंगठ्याचे नख उडाले. रक्त बरेच गेले. समाधानही बरेच.

८ मार्च, रविवार
गोळे कापून नेले. इतक्या सफाईने की कठड्याला ओरखडा नाही. शत्रू कसबी आहे. त्याचा अभ्यास करायचे ठरवले. दुपारभर इंटरनेटवर वाचले. अमेरिकेत समुद्राला लाटा नसतील त्या दिवशी करायचे काय, म्हणून लाटांवर खेळणाऱ्यांनी फळीला चाके ठोकली. पुढे दुष्काळात पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा हे लोक कुंपणे चढून दुसऱ्यांच्या तलावांत उतरले आणि त्यांच्या भिंतींवर फळ्या चालवू लागले. म्हणजे लोकांच्या आवारात घुसणे यांच्या रक्तातच. वाचून फार संताप आला. संतापाच्या भरात जेवायचे राहिले.

१० मार्च
शत्रूचे हत्यार हाताळून पाहावे म्हणून धाकट्याची फळी तळघरातल्या पार्किंगमध्ये नेली. एकच पाय ठेवला. कोपर फुटले, एक दात हलतो आहे. वॉचमनला सांगितले, गळतीवरून घसरलो. तो म्हणाला, सर, गळती तर त्या टोकाला आहे. त्याला झापले. रविवारी हातोडा घेऊन जायचे आणि कठडाच फोडायचा. शांतपणे.

१५ मार्च, रविवार
दहाबारा जण होते. सगळे चाळिशीचे, पोट सुटलेले. कुणी खेळत नव्हते, पायऱ्यांवर नुसते बसले होते. मला पाहताच उठले आणि आपापल्या फळ्या जमिनीवर आपटू लागले. तोंडातून शब्द नाही, नुसते ठाक ठाक ठाक. याहून उघड धमकी कोणती? पुढे उभ्या असलेल्या टकल्याच्या तोंडावर हातोड्याचा दांडा मारला. ओठ फाटला. पुन्हा मारणार तोच त्याने माझी मान काखेत आवळली. मी त्याचा कान चावला. दोघे पायऱ्यांवरून गडगडत खाली. हाड मोडल्याचा आवाज ऐकून बरे वाटले, मग कळले की माझे आहे.
लढाई बरोबरीत सुटली.

१६ मार्च
हॉस्पिटल. गळ्याजवळचे हाड. टकल्या ओठाला टाके घालून बाहेर बाकावर बसला होता. बायकोला म्हणाला, वहिनी, कुणाला अवघड काही जमलं तर आम्ही टाळ्या वाजवत नाही, फळ्या आपटतो. कुणी गेलं तरी तेच. काल त्याला जाऊन महिना झाला. दादा येतील असं वाटलंच होतं, पण हातोडा घेऊन येतील असं नाही वाटलं.
हे मला सांगताना बायको हसली. मग रडली.
मी म्हणालो, एवढ्या जोरात आपटायचे कारण काय?

२३ मार्च, सोमवार
मोठ्या साहेबांनी बोलावले. कठडा काढून टाका म्हणून मी दिलेल्या अर्जांची दखल घेऊन अख्खा जिनाच पाडणार. दार पलीकडच्या बाजूला जाणार. जिंकलो.
दुपारी पुन्हा साहेबांकडे गेलो. म्हणालो, जिना भक्कम आहे, पाडणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी. साहेब म्हणाले, अहो, तुम्हीच मागे लागला होतात ना? मी म्हणालो, माझे आताचे मत तांत्रिक आहे. संध्याकाळी परत गेलो, तेव्हा त्यांनी केबिनचे दार उघडले नाही. दारावर लाथ मारली. फार जोरात नाही.

२८ मार्च, शनिवार
सकाळी जिना फोडायचा ब्रेकर आला. मी कठड्याला पाठ लावून पायरीवर बसलो. ब्रेकरवाला म्हणाला, काका, उठा, कामाचा खोळंबा होतोय. उठलो नाही. वॉचमनने मीच शिकवल्याप्रमाणे काखेत हात घालून उचलले, तेही मोडक्या बाजूने. त्याच्या नडगीवर लाथ घातली. तो सॉरी सर म्हणाला आणि फरफटत मला फाटकाबाहेर नेऊन ठेवले. पहिला घाव कठड्यावरच पडला. वाटले होते, दगड तरी दम धरील. वेल्डरचा चहा संपायच्या आत सगळे सपाट.
घरी आलो. बायको कामावर गेली होती. एका हाताने शर्ट काढला. खिशात, कॉलरमध्ये सिमेंटची धूळ. बादलीत भिजत घातला. धूळ तळाशी बसेपर्यंत स्टुलावर बसून राहिलो. मग साबण घेतला.