बॉक्सवरचं नाव

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकाहत्तर, अविवाहित, विमानांच्या प्लास्टिक किटच्या कारखान्याची मालकीण, आज पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र करते. डावा डोळा गेल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आणि फार दिवस उरले नसल्याचं छातीच्या डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. डोकं बिघडल्याचं अजून कोणी लिहून दिलेलं नाही. मला कोणी भरीला घातलेलं नाही. उलट वकिलांनी निम्मा मजकूर गाळायला सांगितला होता. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी जरा मऊ पडले होते.

कलम एक. कारखान्याची जागा, वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरणारी इंजेक्शनची दोन्ही मशिनं, कोरीवकामाचं यंत्र, गोदामातला माल आणि कलम सहामधला एक साचा सोडून बाकीचे सर्व साचे मशीनवालीला द्यावेत. ती अठरा वर्षं माझ्याकडे मशीन चालवते. एकदा मी तिला प्लास्टिकचं तापमान चुकीचं सांगितलं, तेव्हा "बाई, जळेल ते," असं सगळ्यांसमोर म्हणून तिने मशीन बंद केलं. तिचंच बरोबर होतं. त्या महिन्यात मी तिची रजा नाकारली. तरी ती टिकली. जी माझ्याकडे टिकली ती कुठेही टिकेल.

आमचा धंदा काय, हे वारसनोंद करणाऱ्या कारकुनाला कळावं म्हणून लिहिते. आम्ही जुन्या लढाऊ विमानांची किट काढतो. खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाचं विमान, तळहातावर मावेल एवढं. सुटे भाग एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले असतात. घेणारा ते कापतो, घासतो, जोडतो, रंगवतो आणि कपाटात ठेवून बायकोची बोलणी खातो. त्या चौकटीचा आकार पोलादाच्या दोन ठोकळ्यांत उलटा कोरलेला असतो. तो साचा. साचा धड असेल तर विमान धड. बाकी सगळी रंगरंगोटी.

कलम दोन. कारखान्यावरच्या माझ्या दोन खोल्या विकून येईल ते आणि बँकेत असेल ते डोळ्यांच्या दवाखान्याला द्यावं. माझ्या नावाची पाटी लावू नये. लावल्यास पैसे परत मागावेत.

कलम तीन. छंदाच्या मासिकात किटची परीक्षणं लिहिणाऱ्या गृहस्थांना त्यांचाच एक जुना लेख काचेच्या चौकटीत घालून द्यावा. आमच्या एका बॉम्बफेकी विमानाबद्दल त्यांनी लिहिलं होतं की, या कोरीवकामात पुरुषी मनगटाचा ठामपणा जाणवतो. त्या वाक्याखाली मी लाल रेघ मारून ठेवली आहे. मनगट माझं होतं. तेव्हा ते मुरगळलेलं होतं आणि मी पट्टा बांधून काम करत होते.

कलम चार. बाबांच्या कोरण्या, एकूण बावीस, लाकडी पेटीसह भंगारात घालाव्यात. कोणी मागितल्या तरी देऊ नयेत.

कारण सांगते. हा कारखाना बाबांनी काढला. मला त्यांनी हिशेब लिहायला बसवलं आणि धाकट्याला, म्हणजे माझ्या भावाला, साच्याच्या बाकावर. तो माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याचा हात तेव्हा कच्चा होता, आणि बाबा मागे उभे राहिले की आणखी कच्चा व्हायचा. माझा हात कसा आहे हे पाहायची कोणाला गरज वाटली नाही. मी त्या पेटीला एकदा हात लावला, तेव्हा बाबांनी कोरणी माझ्या हातातून काढून घेतली, फडक्याने पुसली आणि जागेवर ठेवली. ओरडले नाहीत. नुसती पुसली.

मग मी मोडक्या ड्रिलच्या दांड्या घासून स्वतःच्या कोरण्या केल्या आणि जेवणाच्या सुट्टीत, बाबा घरी झोपायला गेले की, साचा कोरायला लागले. पहिल्या महायुद्धातलं दुपंखी विमान. त्या काळी पंख लाकडी फासळ्यांवर कापड ताणून करायचे. दोन फासळ्यांमध्ये ते कापड किंचित खाली बसतं. तो झोल केसाएवढा. इतक्या लहान मापात तो कोणी दाखवत नव्हतं. सगळ्यांच्या किटचे पंख पत्र्यासारखे सपाट. मला तो झोल हवा होता. एक वर्ष आणि चार महिने लागले. धाकट्याला माहीत होतं. तोच दारावर लक्ष ठेवायचा.

साचा तयार झाला तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं. धाकटा आणि मी दवाखान्यात पहिलं किट घेऊन गेलो. मी खाली औषधं घेत होते, तो पुढे गेला. मी वर पोचले तर बाबा भिंग लावून पंख पाहत होते. मग धाकट्याचा हात धरून म्हणाले, "पोरा, कापड उतरवलंस तू पोलादात. आता मी मोकळा." माझ्या हातात औषधांबरोबर खालून धुऊन आणलेलं त्यांचं लघवीचं भांडं होतं. मी धाकट्याकडे पाहिलं. तो काही बोलला नाही. आठ दिवसांनी बाबा गेले आणि कारखाना त्याच्या नावावर निघाला.

कलम पाच. कारखान्याच्या कपाटात पत्रांचे सहा गठ्ठे आहेत. ते धाकट्याला द्यावेत. त्याच्याच नावाने आलेली आहेत.

बाबांनंतर मी कारखाना सोडला. साबणाच्या डब्या आणि कंगवे काढणाऱ्या कंपनीत साच्याचं काम धरलं. चार वर्षांनी धाकटा माझ्या दारात उभा राहिला. नवीन साचा एकही निघाला नव्हता, जुने झिजले होते, कामगार निघून चालले होते. मी त्याला बसायला सांगितलं नाही. माझ्या अटी दोनच होत्या. कारखाना माझ्या नावावर करायचा आणि त्याने कातरकामाच्या टेबलावर बसायचं. साच्याचे दोन ठोकळे नीट बसले नाहीत की फटीतून प्लास्टिक पाझरतं आणि सुट्या भागाला पापुद्रा येतो. तो ब्लेडने काढायचा. कारखान्यातलं सगळ्यात हलकं काम. त्याने दोन्ही मान्य केलं. तिसरी अट मी त्याला सांगितली नव्हती.

पहिलं नवीन किट निघालं तेव्हा मी बॉक्सच्या कडेला छापून घेतलं, साचेकार म्हणून त्याचं नाव. पुढच्या प्रत्येक बॉक्सवर तेच. साचा माझा, नाव त्याचं. लोकांची पत्रं येऊ लागली. निवृत्त शिक्षक, दातांचे डॉक्टर, गाडी चालवणारे, सगळे त्याला लिहीत. दर शनिवारी चहाच्या वेळी मी त्याला सगळ्या कामगारांसमोर उभं करून ती वाचायला लावायची. आपले हात सोन्याचे आहेत, हे त्याने ब्लेडने कापलेल्या बोटांत कागद धरून वाचायचं. कामगार त्याला इंजिनिअर म्हणायला लागले. मी हसणाऱ्याला कधी गप्प केलं नाही.

एकदा एक म्हातारे वैमानिक स्वतः आले. आमच्या किटमधलं विमान त्यांनी लढाईत चालवलं होतं आणि त्यांचा सोबती त्यातच जळून गेला होता. मागची बसायची जागा आम्ही हुबेहूब केली होती, पट्ट्याच्या बकलासकट. ते धाकट्याच्या गळ्यात पडून रडले. म्हणाले, "तुम्ही त्याला पुन्हा बसायला जागा दिलीत." धाकटा लाकडासारखा उभा. मी खिडकीतून पाहत होते. ते गेल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, आता पुरे कर."

मी म्हणाले, "बाबांनी तुला दिलंय ते. मी कोण काढून घेणारी?"

त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही. असं अठ्ठावीस वर्षं चाललं. वकील विचारतात, पश्चात्तापाचं एखादं वाक्य घालायचं का. नको.

कलम सहा. पाण्यावर उतरणाऱ्या टेहळणी विमानाचा नवीन साचा, ज्याचं किट गेल्या वर्षी बाजारात आलं आणि ज्याच्या बॉक्सवर माझं नाव आहे, तो मी धाकट्याला देते.

हा साचा मी केलेला नाही, त्याने केला आहे. तीन वर्षं तो रोज सकाळी कारखाना उघडायच्या आधी दोन तास येत होता. मला वाटायचं, घरी भावजयीशी पटत नसेल. मग एका सकाळी त्याने पहिली चौकट माझ्या टेबलावर ठेवली. मी भिंग घेऊन बसले आणि तासभर चूक शोधली. पाण्यावर टेकणारे तरंडे पाहिले, पंखांचे आधार पाहिले, पत्रा जिथे जोडलेला असतो तिथले खिळे मोजले. साठीच्या पुढच्या माणसाने, अठ्ठावीस वर्षं पापुद्रे काढणाऱ्याने, असा साचा कोरला होता की त्यातून निघालेल्या भागांना पापुद्राच नव्हता. प्लास्टिक कुठे पाझरतं हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. माझ्या कुठल्याही साच्यापेक्षा तो सरस आहे. हे मी इथे लिहिते, कारण तोंडाने म्हणणार नाही.

त्याला मी विचारलं, "ब्लेडची धार गेलीय का, नवीन मागवू?" तो हसला. मला राग आला तो त्या हसण्याचा.

छापखान्याला मजकूर देताना मी पहिल्यांदा बॉक्सवर माझं नाव घातलं. नमुना आला तेव्हा त्याच्याच हातात दिला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "आकाशाचा रंग छान आलाय." मग जाऊन टेबलावर बसला. त्या दिवशी त्याने जेवणाचा डबा उघडला नाही.

आता पत्रं माझ्या नावाने येतात आणि शनिवारी मी ती उभी राहून वाचते. एकाने लिहिलं की, इतकी वर्षं तुमच्या भावाचं काम घेत आलो, पण घरातला खरा हात कोणाचा ते आता कळलं. ते मी दोनदा वाचलं. धाकटा कातरत होता.

या देणगीला अट आहे. साचा त्याचा, त्यावरचं उत्पन्न त्याचं, पण बॉक्सवर माझंच नाव राहील. त्याने किंवा त्याच्या वारसांनी नाव बदलल्यास मशीनवालीने साचा ताब्यात घेऊन करवतीने कापावा.

कलम सात. माझ्या अंत्यविधीला कारखाना बंद ठेवू नये.

इथपर्यंतचा मजकूर टाइप केलेला आहे. पुढचा माझ्या हातचा आहे, सही करण्यापूर्वी लिहिलेला.

आज सकाळी सह्यांसाठी वकील, त्यांचा कारकून आणि शेजारचा चष्मेवाला आले. धाकट्याला मी मुद्दाम वर बोलावलं. कलम सहा त्याच्या तोंडावर वाचून दाखवायचं होतं. गेला महिनाभर मी याच दिवसासाठी औषधं वेळेवर घेत होते.

त्याने उभ्यानेच सगळं ऐकलं. बाबांबद्दल काय लिहिलंय असं विचारून कलम चारसुद्धा वाचायला लावलं. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी तू औषधं घेत होतीस तेव्हा मी बाबांना सांगितलं होतं. साचा ताईने काढला म्हणून."

मी विचारलं, "मग?"

"म्हणाले, मला दिसत नाही का कुणाचा हात आहे ते. पण कारखाना तुझ्या नावावर करायचाय, तेव्हा गप्प राहायचं. आणि तेवढ्यात तू आत आलीस."

मी म्हणाले, इतकी वर्षं बोलला का नाहीस. तो म्हणाला, "काय बोलायचं? बाबा गेले होते. तुला भांडायला मीच उरलो होतो."

तो खरं बोलतो की नाही हे ठरवायला मला आता साधन नाही. पण तो खोटं बोलताना कानाची पाळी चोळतो, लहानपणापासून. आज हात खाली होते.

मग त्याने वकिलांना विचारलं, ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं तो त्याच मृत्युपत्राला साक्षीदार राहू शकतो का. वकील म्हणाले, सही चालते, पण मग त्याला दिलेलं सगळं रद्द होतं, एक कागददेखील मिळत नाही. धाकट्याने कारकुनाच्या हातातलं पेन घेतलं आणि म्हणाला, "मग दुसरा साक्षीदार मी."

मी त्याला म्हणाले, "वेडेपणा करू नकोस, ठेव ते पेन." माझा आवाज मला ओळखू आला नाही. त्याने पेन ठेवलं नाही. माझी सही व्हायची वाट पाहत तो टेबलापाशी उभा आहे. त्याच्यासमोरच हे लिहिते आहे.

वकील म्हणतात, कारकुनाची सही घ्या, धाकट्याला खाली पाठवा, पाच मिनिटांचं काम. मी नाही म्हणाले. साचा नाकारायचा हक्क त्याचा आहे. त्याच्या सहीबरोबर कलम पाच आणि सहामधलं दान संपेल. साचा आणि पत्रं मशीनवालीकडे जातील. मग वकील म्हणाले, निदान नावाची अट तरी काढा, आता ती कोणासाठी ठेवायची? मी विचार केला. खिडकीपाशी जाऊन आले. परत येऊन सांगितलं, अट राहू दे. मशीनवालीलाही ती लागू.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि मला समजलं.

ठिकाण: कारखान्यावरची खोली
दिनांक: नऊ मार्च, मंगळवार

मृत्युपत्र करणारी: (सही) ताई

माझ्यासमोर तिने सही केली, ती शुद्धीवर होती.

साक्षीदार एक: (सही) शेजारचा चष्मेवाला. धंदा: चष्म्याचं दुकान.

साक्षीदार दोन: (सही) धाकटा भाऊ. धंदा: साचेकार.