शेवळांची भाजी मी केली होती

मी, महिपत दामाजी शिगवण, वय वर्षे त्रेसष्ट, पूर्वीचा धंदा टर्नर, सध्या सेवानिवृत्त, राहणार श्रमसाफल्य सोसायटी, पहिला मजला, आयरे रोड, डोंबिवली पूर्व, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्रास छातीचा आहे, डोक्याचा नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट माझा मुलगा गुरुदत्त याचे म्हणणे असे की यातला निम्मा मजकूर लिहूच नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वकिलांनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता. तो कायद्याला धरून आहे. पण त्यात कोणाला काय द्यायचे तेवढेच आहे, का द्यायचे ते नाही. म्हणून मी तो बाजूला ठेवून हा लिहिला.

कलम १. माझी पत्नी रखमाबाई मार्च १९९६ मध्ये वारली. मला गुरुदत्त हा एकच मुलगा. तो बदलापूरला स्वतःच्या घरात राहतो, नोकरी कायम आहे. बँकेतील माझी सर्व शिल्लक आणि गुहागर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा त्याला मिळावा. जमिनीवर आंब्याची चार झाडे आहेत, त्यांतली दोन चुलतभावांनी आपलीच मानली आहेत. त्यावरून त्याने भांडू नये. मी वीस वर्षे भांडलो, आंबा एकही मिळाला नाही.

कलम २. माझी मोजमापाची हत्यारे, म्हणजे दोन मायक्रोमीटर, एक व्हर्नियर आणि लाकडी पेटीतील इतर सामान, रखमाचा धाकटा भाऊ काळुराम गोमाजी शेलार, राहणार टिटवाळा, याला द्यावे. तो पंपदुरुस्तीची कामे करतो, त्याला उपयोग होईल. याच काळुरामने एप्रिल १९८६ मध्ये त्याच्या ओट्यावर चार माणसांदेखत मला विचारले होते, "काय भावजी, आता ताईच्या पगारावर मजा आहे ना?" सगळे हसले, मीही हसलो. ते वाक्य मी बारा वर्षे मनात धरून ठेवले आणि स्वतःच्या गप्प बसण्याचे कारण म्हणून वापरले. ते कारण खरे नव्हते, हे पुढे कळेल.

कलम ३. स्वयंपाकाची भांडी गुरुदत्तने न्यावीत. वातीचा स्टोव्ह भंगारात घालू नये, तो अजून चालतो. लाल कापडी पुठ्ठ्याची वहीही त्याचीच. या वहीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे.

१९८५ च्या दिवाळीनंतर वागळे इस्टेटमधील आमच्या कारखान्याला टाळेबंदी झाली. रखमा कल्याणच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागली. घरी मी. पहिले आठ दिवस ती पहाटे उठून सगळे करून जायची. नवव्या दिवशी तिला बसल्या जागी झोप लागलेली पाहिली आणि दुसऱ्या दिवशी मी पिठले केले. ते खाली लागले होते. रखमा म्हणाली, "तळाचं खरवडून द्या, मला आवडतं." तिथून सुरुवात झाली.

मी दार लावून स्वयंपाक करायचो. पुरुषमाणूस घरात रांधतो हे जिन्यावर कळू नये म्हणून फोडणीच्या वेळी रेडिओ मोठा करायचो. पण आत मात्र मला त्याची गोडी लागली. लेथवर काम करणाऱ्याला तुकडा वाया गेलेला चालत नाही, तसे मला काही टाकवेना. मटारच्या सालींचा आतला पापुद्रा सोलून त्यांची भाजी. फ्लॉवरच्या दांड्यांचे सांबार. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपीठ. रेशनच्या तांदळाच्या कणीचे घावन. मूठभर सुकट आणि अख्खा कोबी घालून केलेले वडे, ज्यांत सुकट आहे हे फक्त वासावरून कळायचे. प्रत्येक नवा पदार्थ मी वहीत जॉबसारखा लिहिला आहे: नंबर, माल, वेळ, पास की नापास. सहा महिन्यांत एकसष्ट पदार्थ झाले. शेजारीपाजारी वाटी गेली की निरोप यायचा, रखमाताईंच्या हाताला काय चव आहे. रखमा माझ्याकडे बघून हसायची आणि म्हणायची, "हो, सुचतं काहीतरी." तिने माझी अब्रू अशी रोज झाकली. मला ते गोड लागायचे. फुकटचे होते ना.

वहीतील बासष्टावे पान गुरुदत्तने फाडू नये. त्यावर एवढेच आहे: "शेवळं. नापास." बाकीचे मी पुढच्या कलमात लिहितो. आणि गुरुदत्तने स्वतः रांधायला शिकावे, दार उघडे ठेवून.

कलम ४. श्रमसाफल्य सोसायटीतील माझे दोन खोल्यांचे स्वकष्टार्जित घर, शेअर सर्टिफिकेटसह, रखमाची धाकटी बहीण गोदा गोमाजी शेलार, वय अडतीस, प्राथमिक शिक्षिका, हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावे. यात दया नाही, दानही नाही. कारण असे.

रविवार, ८ जून १९८६. गोदाला बघायला ठाण्याहून माणसे यायची होती. मुलगा एसटीच्या डेपोत कारकून, मुलाचे वडील आणि आत्या. त्यांना टिटवाळ्यापर्यंत यायला गाड्यांचे जमेना, म्हणून बैठक आमच्या घरी ठरली; सासूबाई आणि काळुराम गोदाला घेऊन आमच्याकडेच येणार होते. आमच्याकडे मटण आणायची ऐपत नव्हती. रखमा म्हणाली, "आमच्या बाजूला पाहुण्याला शेवळं वाढली की मटणाची कोणी आठवण काढत नाही." शेवळं ही रानभाजी, जूनच्या सुरुवातीला पंधरा-वीस दिवस मिळते. शनिवारी तिने आंबिवलीच्या एका ठाकरीण बाईकडून चार जुड्या आणल्या आणि सोबत काकडं. काकड म्हणजे हिरवे, आवळ्याहून लहान, आंबट-तुरट रानफळ. ते शेवळांत घालावेच लागते, नाहीतर घसा खाजून सुजतो. रखमाला हे लहानपणापासून माहीत. मी गुहागरकडचा, मला नव्हते. ती म्हणाली, "रविवारी माझी बारापर्यंत ड्युटी आहे. मी येऊन भाजी टाकते. तुम्ही भात-आमटी तेवढी करा, शेवळांना हात लावू नका."

मी हात लावला. शनिवारी दुपारीच त्या काकडांची मिरची-लसूण घालून चटणी करून पाहिली. नवे फळ, नवा जॉब. कडवट झाली, मीच खाऊन संपवली. रविवारी मनात आले की ती दमून येईल, तिच्याआधी भाजी तयार ठेवू. शेवळं सोलताना आतला पिवळा दांडा काढून टाकायचा असतो. मी काही टाकत नसे, तोही चिरून घातला. आंबटपणाला चिंच घातली. सुकट घातली. वास उत्तम आला.

साडेबाराला रखमा आली. पातेल्यावरचे झाकण काढून तिने विचारले, "काकडं घातलीत ना?"

मी म्हणालो, "हो."

हा एक शब्द मी का उच्चारला, यावर बारा वर्षे विचार केला आहे. काकडं चटणीत घालवली म्हणून ती चिडेल, पाहुणे दारात असताना वाद नको, आणि आंबट ते आंबट, चिंचेने भागेल. यापलीकडे दुसरे कारण सापडले नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, चवही घेतली नाही, आणि स्वतःच्या हाताने वाढली.

आधी मुलाचे वडील खाकरले. मग आत्याबाईंनी गळ्याला हात लावला. पाच मिनिटांत सगळे पाणी मागत होते, मीठ मागत होते. आत्याबाईंची जीभ सुजली, त्यांना बोलता येईना. मुलाने रिक्षा करून त्यांना दवाखान्यात नेले. माझ्या सासूबाई आवडाबाई पानावरून उठल्या. जन्म शेवळं खाण्यात गेलेला, त्यांना पहिल्या घासाला कळले.

"कोनी रांदली ही?" त्यांनी विचारले.

रखमाने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीकडे पाहिले. समोर काळुराम बसला होता. मग रखमा म्हणाली, "मी."

"तू माझे घरची पोर, तुला काकडं ठावं नाय? का मुद्दाम केलं?"

"चुकून झालं, आई."

"चुकून नाय होत हे."

मी उभा होतो. तोंड उघडायला त्या वेळी जितका वेळ मिळाला, तितका नंतर कधी मिळाला नाही.

ते स्थळ मोडले. पण तेवढ्यावर थांबले नाही. आवडाबाईंच्या गळ्यातल्या सोन्याच्या पुतळ्या गोदाच्या लग्नात तिला द्यायच्या ठरल्या होत्या. थोरलीला त्या हव्या होत्या म्हणून तिने धाकटीचे स्थळ घालवले, असे घरात बोलले जाऊ लागले, मग गावात. पुढची दोन स्थळे "त्या घरात जेवणात काहीतरी घालतात" असे ऐकून आलीच नाहीत. गोदा तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिने नंतर लग्नाचा विषयच बंद केला. आवडाबाई पाच वर्षांनी वारल्या, तोवर रखमाशी एक शब्द बोलल्या नाहीत. रखमा माहेरी गेली की उंबऱ्याबाहेर बसून परत यायची.

त्या रविवारी सगळे गेल्यावर रखमाने भांडी घासली. मी म्हणालो, "मी उद्या जाऊन सांगतो सगळ्यांना." ती म्हणाली, "सांगा." मी गेलो नाही. कारखाना सुरू झाल्यावर जाईन म्हटले. दीड वर्षाने कारखाना सुरू झाला, तेव्हा म्हटले, आता जुने कशाला उकरायचे. तिने पुन्हा कधी विचारले नाही. फक्त त्या दिवसापासून मी केलेला प्रत्येक पदार्थ ती वाढण्याआधी बोटावर घेऊन चाखायची. दहा वर्षे, रोज, माझ्यासमोर. मला शिक्षा म्हणून नव्हे. तिला आता माझ्या शब्दावर विसंबून वाढवत नव्हते.

म्हणून हे घर गोदाचे.

पुरवणी. वरचा मजकूर ३० ऑगस्टला पूर्ण झाला होता. गुरुदत्तला वाचायला दिला. त्याने वाचून कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "बाबा, घर द्या मावशीला, मी सही देतो. पण कारण खोडा. लोक तुम्हाला काय म्हणतील?" मी विचारले, "आणि तुझ्या आईला काय म्हणत आले?" तो उठून खिडकीशी गेला.

मग मी गोदाला बोलावले आणि कागद तिच्या हातात दिला. तिने मास्तरणीसारखा शेवटपर्यंत वाचला, एकदा पुन्हा वाचला.

"भावजी, हे मी कधी वाचायचं होतं? तुम्ही गेल्यावर?"

"हो. मृत्युपत्र म्हणजे तसंच असतं."

"म्हणजे मेल्यावरसुद्धा तुम्ही समोर नसणारच." तिने कागदाची घडी घातली. "मी ताईला बारा वर्षं नावं ठेवली. ती हॉस्पिटलात होती तेव्हा मी भेटायला आले ती दारातून परत गेले, आठवतंय? तुम्ही कॉरिडॉरमध्ये होता. मला थांबवलं नाहीत."

आठवत होते. मी कलमात ते लिहिले नव्हते, म्हणून इथे लिहितो.

"घर देऊन सुटायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "तसं नाही सुटणार. रविवारी आईचं पितरांचं जेवण आहे, सगळे येतील. तिथे येऊन तोंडानं सांगा. कागद आणायचा नाही."

१३ सप्टेंबरला मी टिटवाळ्याला गेलो. ओटीवर पाने मांडली होती, बावीस माणसे होती. वाढून झाल्यावर, कोणी घास घेण्याआधी मी उभा राहिलो. मी म्हणालो की शेवळांची ती भाजी मी केली होती, काकडं मी संपवली होती, रखमाने विचारले तेव्हा मी खोटे सांगितले, आणि तिने माझ्यासाठी आळ घेतला. एवढेच. तयार करून नेलेली बाकीची वाक्ये आठवली नाहीत.

मग काळुराम पानावरून उठला. मला वाटले मारणार. तो माझ्याजवळ येऊन थांबला आणि इतक्या हळू बोलला की मलाच ऐकू आले.

"आई गेली तेव्हा ताई आलेली. मी तिला आईचं तोंड बघू दिलं नाही भावजी. ओट्यावरूनच परत पाठवली."

तो तसाच मागच्या दारी गेला आणि जेवायला परत आला नाही. मला त्याच्या बायकोने पाट दिला. जेवण मला गेले नाही, पण पानावरून मी उठलो नाही. गोदा वाढत होती. माझ्या पानात तिने भात वाढला, वर पाहिले नाही.

निघताना ती रिक्षा थांबतात तिथपर्यंत आली. म्हणाली, "सही करा आता. घर मी घेईन. पण दारावर पाटी ताईच्या नावाची लावीन. तुमचं नाव राहणार नाही."

त्यानुसार कलम ४ ला जोडून लिहितो: सदर घराच्या दारावर "रखमाबाई शिगवण" एवढीच पाटी असावी. माझ्या नावाची सध्याची पाटी मी आज स्वतः स्क्रू काढून उतरवली आहे. सोसायटीने हरकत घेऊ नये.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो खरा आहे. पुढे नमूद केलेल्या दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण: डोंबिवली पूर्व
दिनांक: १५ सप्टेंबर १९९८

सही: महिपत दामाजी शिगवण

साक्षीदार:
१. भिवा रामा पष्टे, निवृत्त फिटर, राहणार कल्याण
२. डॉ. सुहासिनी वर्तक, राहणार डोंबिवली पूर्व